बंद करण्यासाठी ‘स्टार्ट’!

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. शाळेच्या संगणक कक्षात सातवीचा तास संपत आला होता. मी नेहमीची सूचना दिली, “चला, आता संगणक बंद करा. आधी स्टार्टवर क्लिक करा.” दुसऱ्या रांगेतून एक मुलगी म्हणाली, “सर, बंद करायचाय ना? मग स्टार्ट कशाला दाबायचं?” वर्ग हसला. मीही हसलो आणि म्हणालो, “ते तसंच असतं. दाब.” तिने दाबले, संगणक बंद झाला आणि तास संपला.

प्रश्न मात्र संपला नाही. कारण तो अगदी बरोबर होता. आपल्याकडे ‘स्टार्ट’ हा शब्द मुलांना इंग्रजीच्या पुस्तकात भेटण्याआधी रस्त्यावर आणि शेतात भेटतो. स्कूटर स्टार्ट होते, विहिरीवरचा पंप स्टार्ट होतो. स्टार्ट करणे म्हणजे बंद असलेले यंत्र चालू करणे. मग समोर चालू असलेल्या संगणकाला पुन्हा ‘स्टार्ट’ का करायचे, आणि तेही तो बंद करण्यासाठी?

“ते तसंच असतं” हे शिक्षकाचे सर्वांत वाईट उत्तर. माणसाने बनवलेली कोणतीही वस्तू ‘तशीच’ नसते. ती कोणीतरी, कधीतरी, कशासाठी तरी तशी केलेली असते. या बटणाची हकीकत शोधताना मला त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर तर मिळालेच, पण शिकवण्याच्या कामाबद्दलही काही हाती लागले. दोन्ही गोष्टी येथे मांडतो.

लुकलुकणारी रेघ

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएम कंपनीने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला. त्यावर चालणारी डॉस ही प्रणाली मायक्रोसॉफ्टने पुरवली होती. डॉसचा संगणक चालू केला की काळ्या पडद्यावर एक इंग्रजी अक्षर, एक खूण आणि तिच्यापुढे लुकलुकणारी एक छोटी रेघ दिसे. बस्स, एवढेच. संगणक जणू म्हणत असे, “हं, बोला.” पण काय बोलायचे हे तो सांगत नसे. आज्ञा तुम्हाला पाठ हव्यात आणि त्या स्पेलिंगसह बिनचूक टंकित करता यायला हव्यात. एक अक्षर चुकले की आज्ञा कळली नाही असा निरोप येई आणि रेघ पुन्हा लुकलुकू लागे.

ज्यांनी १९९० च्या आसपास संगणक शिकला, त्यांच्या वह्यांत या आज्ञांच्या याद्या असतील. पाढ्यांसारख्या त्या पाठ कराव्या लागत. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. या पद्धतीत ‘आता काय करू?’ या प्रश्नाचे उत्तर पडद्यावर नव्हते, ते माणसाच्या डोक्यात असावे लागे. डोक्यात नसेल तर सगळेच अडले.

टेबल पडद्यावर आले

यावरचा दुसरा मार्ग त्याआधीच काही जणांना सुचलेला होता. अमेरिकेतील डग्लस एंगलबार्ट या अभियंत्याने ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे एक प्रात्यक्षिक करून दाखवले. लाकडी खोक्यासारखा एक ‘माऊस’ टेबलावर सरकवायचा आणि त्याबरोबर पडद्यावरची खूण हलवायची, ही कल्पना त्या दिवशी लोकांनी प्रथमच पाहिली. पुढे पालो अल्टो येथील झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात १९७३ मध्ये ‘अल्टो’ हा संगणक तयार झाला आणि १९८१ मध्ये ‘स्टार’ हा संगणक विक्रीला आला. स्टारच्या पडद्यावर कार्यालयातले टेबलच मांडलेले होते. त्यावर कागद, फायली, येणाऱ्या आणि जाणाऱ्या टपालाचे ट्रे अशी छोटी चित्रे होती. आज्ञा पाठ करण्याऐवजी चित्रावर बोट ठेवायचे, म्हणजे माऊस ठेवायचा. किंमत मात्र सुमारे १६ हजार डॉलर, त्यामुळे तो सामान्यांच्या घरात जाणे अशक्यच होते.

जानेवारी १९८४ मध्ये अॅपलचा मॅकिन्टॉश २,४९५ डॉलरला आला आणि ही कल्पना घरापर्यंत पोचली. त्याच्या पडद्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात सफरचंदाचे एक चिन्ह होते. ते दाबले की गणकयंत्र, घड्याळ, कोडे अशा छोट्या सोयींची यादी उघडे. कोपऱ्यात एक खूण, खुणेत एक यादी, असा आपल्या गोष्टीतल्या बटणाचा एक पूर्वज येथे भेटतो.

मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर १९८५ मध्ये ‘विंडोज’ची पहिली आवृत्ती आणली. तिच्यात खिडक्या एकमेकींवर ठेवता येत नसत. भिंतीवरच्या फरश्यांप्रमाणे त्या शेजारी शेजारी बसत आणि पडद्याच्या तळाशी बाजूला ठेवलेल्या कामांची चिन्हे रांगेत दिसत. तळाची ती जागा पुढे फार महत्त्वाची ठरणार होती. १९८९ च्या सुमारास नेक्स्ट कंपनीच्या संगणकावर पडद्याच्या कडेला चिन्हांचा ‘डॉक’ होता आणि ब्रिटनमधील एकॉर्न कंपनीच्या संगणकावर तळाशी चिन्हांची पट्टी होती. म्हणजे पट्टी ही काही एकट्याच्या डोक्यातून निघालेली कल्पना नव्हे. आपल्या बटणाचे वेगळेपण पट्टीत नाही. ते कशात आहे, ते पुढे पाहू.

हरवणाऱ्या खिडक्या

विंडोज खऱ्या अर्थाने पसरली ती १९९० मधील ३.० आणि १९९२ मधील ३.१ या आवृत्त्यांमुळे. यांत ‘प्रोग्रॅम मॅनेजर’ नावाची एक खिडकी असे आणि तिच्यात चिन्हांचे गट असत. चिन्हावर लागोपाठ दोनदा क्लिक केले की तो प्रोग्रॅम सुरू होई. जाणकारांना हे सोपे वाटे. नवख्यांना मात्र ठिकठिकाणी ठेच लागे.

पहिली ठेच म्हणजे दोनदा क्लिक करणे. दोन क्लिकमध्ये जास्त वेळ गेला किंवा हात थोडा हलला की काहीच घडत नाही. आपण वर्गात हे रोज पाहिले आहे.

दुसरी ठेच अधिक गंभीर होती. प्रोग्रॅम मॅनेजर हीदेखील एक खिडकीच होती. पत्र लिहिण्याचा प्रोग्रॅम उघडला आणि त्याची खिडकी पडदाभर पसरली की प्रोग्रॅम मॅनेजर तिच्याखाली झाकला जाई. आता दुसरे काम सुरू कसे करायचे? ज्या दारातून आत आलो तेच दार दिसेनासे झाले. खिडकी लहान केली तर तिचे छोटे चिन्ह पडद्याच्या तळाशी जाऊन बसे आणि वर दुसरी खिडकी असेल तर तेही झाकले जाई. नवख्या माणसाला वाटे की आपले काम नाहीसे झाले. मग तो तोच प्रोग्रॅम पुन्हा सुरू करी, पुन्हा हरवी, पुन्हा सुरू करी. संगणकाची स्मृती भरून जाई आणि माणूस म्हणे, “मला काही हे जमणार नाही.”

तिसरी ठेच: फायलींसाठी ‘फाईल मॅनेजर’ आणि प्रोग्रॅमसाठी ‘प्रोग्रॅम मॅनेजर’ असे दोन कारभारी होते. एकाकडचे चिन्ह पुसले तर मूळ फाईल जात नसे, दुसऱ्याकडचे पुसले तर जात असे. हा भेद कोणी समजावून सांगितल्याशिवाय कळण्यासारखा नव्हता.

येथे मी मुद्दाम थांबतो. “मला हे जमणार नाही” असे म्हणणारा माणूस चुकीचा होता का? त्याला दिसत होते त्यावरून त्याने काढलेला निष्कर्ष तर्काला धरूनच होता. जे दिसत नाही ते नाही, असे तो धरून चालला. दोष त्याच्या बुद्धीचा नव्हता, मांडणीचा होता. पण हे ओळखायला कोणीतरी त्याच्या शेजारी बसून पाहायला हवे होते.

परीक्षा कोणाची?

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात रेडमंड येथे मायक्रोसॉफ्टचे मुख्यालय आहे. तेथे ऑक्टोबर १९९२ मध्ये नव्या विंडोजच्या बाह्यरूपासाठी एक गट नेमला गेला. या प्रकल्पाचे टोपणनाव होते ‘शिकागो’. या गटात प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांबरोबरच चित्रकार आणि माणसांच्या वागण्याचा अभ्यास करणारे लोकही होते. त्यांच्यापैकी केंट सलिव्हन यांनी १९९६ मध्ये व्हँकुव्हर येथील एका परिषदेत या कामाचा वृत्तांत मांडला. त्यातून पडद्यामागचे बरेच काही कळते.

पद्धत साधी होती. एक नमुना तयार करायचा. साधी माणसे बोलवायची. “एक पत्र लिहा”, “ही फाईल शोधा” अशी कामे द्यायची आणि मदत न करता ती काय करतात ते टिपून घ्यायचे. कोठे अडतात, कोठे चुकतात, किती वेळ लागतो, तोंडाने काय पुटपुटतात, सगळे. मग नमुना बदलायचा आणि पुन्हा माणसे बोलवायची. अशा चाचण्यांचे ६४ टप्पे झाले आणि त्यांत ५६० माणसांनी भाग घेतला. त्यांपैकी निम्मी माणसे जुन्या विंडोजवर बऱ्यापैकी काम करणारी होती. उरलेल्यांत अगदी नवखे होते, तसेच तरबेजही होते.

या माणसांची परीक्षा घेतली जात होती असे वरवर वाटेल. प्रत्यक्षात परीक्षा नमुन्याची होती. माणूस अडला तर गुण नमुन्याचे जात.

सुरुवातीला या गटाला एक सोपी वाट दिसली. नवख्यांसाठी एक वेगळी, सोपी मांडणी करायची आणि जाणकारांसाठी नेहमीची. नमुना करून पाहिला. नवख्यांना तो आवडला, कामेही जमली. पण त्या सोप्या मांडणीत सगळी कामे बसणे शक्य नव्हते. कधीतरी तिच्याबाहेर पडावेच लागणार होते आणि बाहेर पडल्यावर सगळे नव्याने शिकावे लागणार होते. म्हणून ही कल्पना सोडून देण्यात आली. वर्गातल्या मागे पडलेल्या मुलांना वेगळ्या रांगेत बसवून सोपे सोपे शिकवत राहिल्यावर पुढे काय होते, हे शिक्षकांना सांगायला नको.

एक शब्द

मग सर्वांसाठी एकच मांडणी ठरली. आरंभीच्या एका नमुन्यात पडद्याच्या तळाशी तीन बटणे होती. एक प्रणालीच्या कामांसाठी, दुसरे शोधण्यासाठी आणि तिसरे मदतीसाठी. पहिल्या बटणावर विंडोजचे निशाण होते. करणाऱ्यांच्या मते सगळे स्वच्छ होते. ज्याला जे हवे त्याने ते दाबावे.

चाचणीला आलेली माणसे मात्र संगणकासमोर बसत आणि पडद्याकडे पाहत राहत. पत्र लिहायचे आहे, पण सुरुवात कोठून करायची? निशाण असलेले बटण दाबून पाहावे असे त्यांच्या मनात येत नसे. ते निशाण त्यांना शोभेचे वाटे.

तीन बटणांची एकाच बटणात गुंफण झाली. शोधणे आणि मदत ही कामे त्याच्या यादीत गेली. विंडोजमध्ये अनेक वर्षे काम केलेल्या रेमंड चेन यांनी या काळाच्या आठवणी लिहिल्या आहेत. त्यांच्या सांगण्यानुसार बटणावर ‘स्टार्ट’ हा शब्द लिहिला गेला आणि चाचण्यांचा निकाल एकदम सुधारला. काहीतरी करायचे आहे, पण कोठून करायचे ते कळत नाही, अशा प्रत्येकाला आता कोठे क्लिक करायचे ते कळू लागले.

म्हणजे ‘स्टार्ट’चा अर्थ ‘यंत्र चालू करा’ असा नव्हताच. तो होता ‘येथून सुरुवात करा’. डॉसच्या लुकलुकत्या रेघेने अनुत्तरित ठेवलेल्या ‘आता काय करू?’ या प्रश्नाला प्रथमच पडद्यावर उत्तर मिळाले, आणि ते कोणत्याही खिडकीखाली झाकले जाणार नाही अशा जागी मिळाले. आपल्या बटणाचे वेगळेपण ते हेच.

तरीही काही जण रिकाम्या पडद्यापुढे थबकत. म्हणून आणखी एक युक्ती केली गेली. सुरुवातीला पट्टीवर ‘येथे क्लिक करून सुरुवात करा’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द बाणासह सरकत येत आणि बटणावर जाऊन आपटत. शिक्षकाने पुस्तकात बोट ठेवून दाखवावे तसा हा प्रकार.

‘विंडोज ९५’ ही आवृत्ती २४ ऑगस्ट १९९५ रोजी बाजारात आली. जाहिरातीसाठी रोलिंग स्टोन्स या वाद्यवृंदाचे ‘स्टार्ट मी अप’ हे १९८१ मधले गाणे घेतले गेले. बटणावरच्या शब्दालाच जाहिरातीचा नायक केले गेले. बटण आणि पट्टी यांच्या रचनेचे अमेरिकी पेटंट १९९९ मध्ये मंजूर झाले. त्यावरील संशोधकांत डॅनिएल ओरान यांचे नाव आहे. ते मानसशास्त्राकडून या क्षेत्रात आलेले होते. संगणकाच्या पडद्याचा प्रश्न सोडवायला मनाचा अभ्यास केलेला माणूस उपयोगी पडला, हे विद्यार्थ्यांना जरूर सांगावे.

कोपऱ्याचे गणित

बटण डाव्या कोपऱ्यातच का? याच्यामागे एक सुंदर नियम आहे. पॉल फिट्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. टेबलावर धातूच्या दोन पट्ट्या ठेवायच्या आणि हातातल्या लेखणीने एकदा ही, एकदा ती, असा आळीपाळीने जलद स्पर्श करायचा. पट्ट्यांची रुंदी आणि त्यांच्यातले अंतर बदलत राहायचे. फिट्स यांना आढळले की लागणारा वेळ अंतर आणि रुंदी यांच्या गुणोत्तरावर अवलंबून असतो. लक्ष्य दूर असेल तर वेळ वाढतो, लक्ष्य रुंद असेल तर कमी होतो. अंतर दुप्पट केले आणि रुंदीही दुप्पट केली, तर वेळ जवळजवळ तेवढाच राहतो. शिवाय वेळ गुणोत्तराच्या सरळ प्रमाणात वाढत नाही, त्याच्या लॉगरिदमच्या प्रमाणात वाढतो. म्हणून अंतर दुप्पट झाले तरी वेळ दुप्पट होत नाही, ठरावीक रकमेनेच वाढतो.

आता पडद्याचा विचार करू. मध्यभागी असलेल्या चिन्हावर माऊसची खूण नेताना आपल्याला नेमके थांबावे लागते. जोर जास्त झाला तर खूण पुढे निघून जाते. कडेला मात्र पडदाच संपतो. माऊस कितीही जोरात ढकला, खूण कडेवर अडून राहते. म्हणजे कडेवरचे लक्ष्य जणू त्या दिशेने अमर्याद रुंद झाले. कोपऱ्यात तर दोन्ही दिशांनी. डोळे मिटून माऊस खाली डावीकडे ढकलला तरी खूण कोपऱ्यात जाणारच.

गंमत अशी की विंडोज ९५ करणाऱ्यांनी हा फायदा थोडक्यात घालवला. बटणाभोवती पट्टीची एक बारीक किनार राहिली होती. खूण अगदी कोपऱ्यात नेऊन क्लिक केले तर ते किनारीवर पडे आणि काहीच होत नसे. काही ठिपक्यांचे अंतर, पण त्यासाठी हात मागे घ्यावा लागे. पुढच्या आवृत्त्यांत ही चूक सुधारली गेली.

फिट्सचा प्रयोग वर्गात सहज करता येतो. आडव्या कागदावर १ सेंटिमीटर रुंदीच्या दोन उभ्या पट्ट्या आखा, मध्यापासून मध्यापर्यंत अंतर ८ सेंटिमीटर ठेवा. दुसऱ्या कागदावर रुंदी २ आणि अंतर १६ सेंटिमीटर. तिसऱ्यावर रुंदी १ आणि अंतर १६ सेंटिमीटर. प्रत्येक कागदावर २० सेकंद पेन्सिलीने आळीपाळीने ठिपके द्यायला सांगा. बाहेर पडलेले ठिपके धरू नका. पहिल्या दोन कागदांवरील संख्या जवळपास सारख्या येतात का, तिसऱ्यावर किती घट होते, ते मुलांनाच शोधू द्या. गटाची सरासरी काढली तर निकाल अधिक स्पष्ट होतो.

शब्द गेला, मग बटणही गेले

ऑक्टोबर २००१ मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीत बटण हिरवेगार झाले, शब्द तसाच राहिला. या शतकाच्या सुरुवातीला एमएस-सीआयटीसारख्या अभ्यासक्रमांतून संगणक शिकलेल्या कितीतरी मराठी माणसांच्या डोळ्यांपुढे ‘स्टार्ट’ म्हटले की हे हिरवे बटणच येते. जानेवारी २००७ मध्ये सर्वांसाठी खुल्या झालेल्या व्हिस्टात बटण गोल झाले आणि त्यावरचा शब्द गेला. केवळ निशाण उरले. पूर्वी ज्या निशाणाकडे चाचणीतली माणसे नुसतीच पाहत बसली होती, त्यालाच आता सगळे ओळखत होते. खडूने अक्षर गिरवून घ्यावे आणि पुढे गिरवणे बंद करावे, तसे हे झाले.

मग २६ ऑक्टोबर २०१२ हा दिवस उजाडला. विंडोज ८ बाजारात आली आणि पट्टीवरून बटणच नाहीसे झाले. त्यामागे कारण होते. २०१० मध्ये आलेल्या आयपॅडमुळे बोटाने चालवायच्या पडद्यांची लाट आली होती. टेबलावरचा संगणक आणि हातातली पाटी या दोन्हींना एकच रूप द्यावे असा विचार झाला. शिवाय आकडेवारीही हाताशी होती. संमती दिलेल्या ग्राहकांच्या संगणकांवरून वापराची माहिती आपोआप जमा होत असे आणि स्टार्टच्या यादीचा वापर कमी होत चालल्याचे तीवरून दिसत होते. २००९ च्या विंडोज ७ पासून लोक नेहमीचे प्रोग्रॅम पट्टीवरच टाचून ठेवू लागले होते. त्यामुळे यादी उघडण्याची गरज कमी पडे.

आता यादीऐवजी रंगीत चौकटींनी भरलेला एक अख्खा पडदा आला. तो उघडण्यासाठी खूण डाव्या कोपऱ्यात न्यायची. तेथे दिसायला काहीच नव्हते, नेल्यावर चित्र उमटे. संगणक बंद करायचा तर खूण उजव्या कोपऱ्यात न्यायची, मग सरकत आलेल्या पट्टीतून ‘सेटिंग्ज’, त्यातून ‘पॉवर’ आणि त्यातून ‘बंद करा’. ज्याला माहीत त्याला सोपे, ज्याला माहीत नाही त्याला पडद्यावर एक अक्षरही मदत करत नव्हते. तीस वर्षांपूर्वीची लुकलुकणारी रेघ जणू वेष बदलून परत आली. तीही निदान दिसत तरी होती.

लोकांनी तक्रारी केल्या. बटण परत आणून देणारे छोटे प्रोग्रॅम इतरांनी तयार केले आणि त्यांना मागणीही आली. अखेर १७ ऑक्टोबर २०१३ रोजी आलेल्या ८.१ या आवृत्तीत बटण परतले. त्यातून उघडे तो मात्र चौकटींचाच पडदा. खरी यादी परत आली २९ जुलै २०१५ रोजी, विंडोज १० बरोबर.

आकडे खोटे होते का? नव्हते. पण त्यांना विचारलेला प्रश्न अपुरा होता. एखादी गोष्ट किती वेळा वापरली जाते यावरून ती किती आवश्यक आहे हे कळत नाही. एसटी स्टँडवरची चौकशीची खिडकी घ्या. रोजचा प्रवासी तिकडे फिरकत नाही. त्याला गाडीची वेळ आणि फलाट पाठ असतात. प्रवासी मोजले तर खिडकीचा वापर कमीच भरेल. म्हणून ती बंद केली तर? गाव नवा असलेला, रात्री उशिरा पोचलेला, शेवटची गाडी चुकलेला माणूस कोठे जाईल? १९९३ च्या सुमारास शेजारी बसून पाहणाऱ्यांना तो अडलेला माणूस दिसला होता. २०१२ मध्ये आकड्यांच्या तक्त्यात तो बेरजेत हरवला.

५ ऑक्टोबर २०२१ रोजी आलेल्या विंडोज ११ मध्ये बटण पट्टीच्या मध्याकडे सरकले आहे. त्यामुळे कोपऱ्याचे गणित सुटले. शिवाय पट्टीवर चिन्हे वाढली की मधला सगळा गट पसरतो आणि बटण थोडे डावीकडे सरकते. ते पुन्हा कोपऱ्यात नेण्याची सोय मात्र ठेवलेली आहे. आपल्या शाळेतील संगणकावर ते कोठे आहे आणि हाताला कोठे सोपे वाटते, हे मुलांना पारखून पाहता येईल.

त्या मुलीचे उत्तर

आता मूळ प्रश्न. बंद करण्यासाठी स्टार्ट का?

डॉसच्या काळात काम झाले की बहुतेक जण सरळ खटका बंद करत. विंडोज ९५ मध्ये तसे करणे धोक्याचे होते. एकाच वेळी अनेक कामे चालू असत आणि तबकडीवर लिहायची काही माहिती तोवर स्मृतीत थांबलेली असे. ती लिहून झाल्यावरच वीज तोडायला हवी. वीज जाताच स्मृतीतले सगळे पुसले जाते. म्हणून ‘बंद करा’ ही आज्ञा कोठेतरी ठेवणे भाग होते. कोठे ठेवायची?

रेमंड चेन यांनी दिलेले उत्तर असे आहे. चाचणीतल्या माणसांना संगणक बंद करायला सांगितले, तेव्हा ती माणसे स्टार्ट बटणाकडेच गेली. कारण बंद करायचे झाले तरी सुरुवात कोठून तरी करावीच लागते! बटणाचा अर्थ लोकांनी ‘येथून सुरुवात’ असा घेतलेला होता आणि लोक जेथे शोधत होते तेथेच ती आज्ञा ठेवली गेली.

म्हणजे जी गोष्ट आपल्याला करणाऱ्यांचा विनोदी घोटाळा वाटते, ती त्यांनी लोकांचे पाहून घेतलेला निर्णय होता. आणि आमच्या वर्गातल्या मुलीचा प्रश्नही तितकाच खरा होता. ‘स्टार्ट’ या शब्दाचा अर्थ ज्यांनी ‘येथून सुरुवात’ असा लावला, ती चाचणीतली माणसे वेगळ्या भाषेतली होती. पंप आणि स्कूटर यांच्याबरोबर हा शब्द शिकलेले कोणी त्या ५६० जणांत असण्याची शक्यता फार कमी. त्या खोलीत ती मुलगी बसली असती तर कदाचित बटणावर दुसराच शब्द आला असता.

चाचणीच्या खोलीत माणूस अडला की वहीत नोंद होई, “येथे मांडणी चुकली.” वर्गात मूल अडते तेव्हा आपण कोणाच्या नावापुढे फुली मारतो? तीस मुलांपैकी बारा मुलांनी एकच चूक केली, तर ती बारा मुलांची चूक असते की धड्याची? आपल्यालाही ६४ वेळा धडा बदलून पाहणे शक्य नाही, हे खरे. पण एक बाक पुढे सरकून, मदत न करता, दोन मिनिटे नुसते पाहणे शक्य आहे.

ती मुलगी आता शाळेत नाही. पुढच्या सातवीला मात्र मी सूचना देऊन झाल्यावर स्वतःच विचारतो, “बंद करायचाय, मग स्टार्ट कशाला?” आणि उत्तर सांगण्याची घाई करत नाही.